सोन्याला आता काय खाऊ घालू?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचा सोन्या लॅब्रॉडॉर आहे, सात वर्षांचा, वजन ४१ किलो. मागच्या रविवारी नणंदेच्या शेतावर कंदुरी होती. आम्ही सोन्यालाही नेलं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मटण साफ करताना निघालेली चरबी बाजूला काढून त्याला घालत होते. जेवणं झाल्यावर भाकरी तर्रीत कुस्करून तीही दिली. मी म्हटलं, आबा पुरे आता. ते म्हणाले, "कुत्र्याची जात हाय ती, तिला काय हुतंय?"

सोमवारी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. आधी खाल्लेलं पडलं, मग पिवळा फेस. पाणी प्यायला की तेही बाहेर. रात्री तो पुढचे पाय जमिनीवर पसरून, छाती टेकवून, मागचा भाग तसाच वर ठेवून उभा होता. आम्हाला वाटलं आळस देतोय. जवळच्या डॉक्टरांनी सकाळी एक इंजेक्शन दिलं, पित्त झालंय म्हणाले आणि घरी पाठवलं. मंगळवारी रात्री तो मान उचलेना, तेव्हा गाडी करून लातूरला नेलं. तिथे रक्त काढलं, एक पट्टीची तपासणी केली, सोनोग्राफी केली आणि स्वादुपिंडाला सूज आहे असं सांगितलं. चार दिवस सलाईनवर होता. १८ हजार खर्च आला, त्याचं काही नाही. आज घरी येऊन दुसरा दिवस. दोन घास खातो आणि तोंड फिरवतो.

माझे प्रश्न असे. हे त्या चरबीमुळेच झालं का? आता काय खायला द्यायचं आणि किती? पुन्हा होईल का? पहिल्या डॉक्टरांनी ओळखायला नको होतं का? आणि शेवटचं. आबा त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. सोन्याजवळ बसून असतात, पण त्याला हात लावत नाहीत. त्यांना काय सांगू?

— एक शिक्षिका, औसा तालुका

उत्तर : ताई, अंक छापून यायला वेळ लागतो, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता. तरी इथे सगळं सविस्तर लिहिते. कंदुऱ्या आणि लग्नसराईच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात असे सोन्या येतच राहतात, आणि प्रत्येक घरात एक आबा असतात.

म्हणून आधी आबांचंच बोलू. स्वादुपिंड जठराच्या मागे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटून असतं. अन्न पचवणारे रस तिथे तयार होतात, पण तयार होतात ते निष्क्रिय रूपात. आतड्यात पोचल्यावर त्यांना जाग येते. फवारणीच्या औषधाची बाटली शेतात नेऊन उघडायची असते, तसं समजा. तीच बाटली घरात, धान्याच्या कोठीजवळ फुटली तर काय होईल? या आजारात तेच होतं. रस ग्रंथीच्या आतच जागे होतात आणि ज्या मांसात तयार झाले त्यालाच पचवू लागतात. त्यातून सूज येते, आसपासची चरबी होरपळते आणि दुखणं इतकं असतं की कुत्रं पाणीही पोटात ठेवू शकत नाही.

चरबीचं जड जेवण हे यामागचं एक ओळखीचं निमित्त आहे, आणि सोन्याच्या बाबतीत तेच असावं असं मलाही वाटतं. पण ते एकटं कारण नव्हे. त्या दिवशी शेतावरच्या कुत्र्यांनीही चरबी खाल्ली असणार, ती आजारी पडली नाहीत. सोन्याचं वजन त्याच्या हाडापेरापेक्षा सहा-सात किलोंनी जास्त आहे. लठ्ठ कुत्र्यांत हा धोका वाढतो. ज्यांच्या रक्तात चरबी जास्त असते त्यांच्यात, थायरॉइड मंद असलेल्यांत, फिट्सच्या काही गोळ्या चालू असलेल्यांतही वाढतो. आणि बऱ्याच कुत्र्यांत तर शोधूनही कारण सापडत नाही. आबांनी सात वर्षं त्याला हातानं भरवलं, त्या रविवारीही तसंच भरवलं. चरबीनं असं होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आम्ही डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. लस टोचायला आलेल्या माणसाला आम्ही पुढच्या लसीची तारीख देतो, ताटातलं काय द्यायचं नाही ते सांगत नाही. मीही कित्येक वर्षं सांगत नव्हते.

तुम्ही लिहिलेली ती उभं राहण्याची तऱ्हा सगळ्या वाचकांनी लक्षात ठेवावी. छाती आणि कोपरं जमिनीला, मागचा भाग वर, जणू देवापुढे नमस्कार घातलाय. आळस देणारं कुत्रंही असंच ताणतं, पण क्षणभरच, आणि मग अंग झटकून चालू लागतं. पोट दुखणारं कुत्रं तसंच राहतं, किंवा उठून पुन्हा तसंच होतं. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी खाली, आणि पोटाला हात लावला की पोट लाकडासारखं घट्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाईंनी त्यांचं छोटं पामेरियन ओढणीत गुंडाळून आणलं होतं. टेबलावर ठेवलं की ते त्याच अवस्थेत जायचं, कुशीवर निजवलं की कण्हत पुन्हा उठायचं. त्याच्या हिरडीवर बोट दाबलं तर बोटाला चिकटत होती. निरोगी हिरडी ओलसर, निसरडी असते, दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्या पामेरियनची कितीतरी वेळ पांढरीच राहिली. अंगातलं पाणी किती गेलंय ते मला त्या हिरडीनं रक्ताच्या रिपोर्टाआधी सांगितलं. ही तपासणी तुम्हीही घरी करू शकता. आज, सोन्या बरा असताना, त्याच्या हिरडीला हात लावून पाहा, म्हणजे चांगली हिरडी कशी लागते ते बोटाला कळेल.

पहिल्या डॉक्टरांवर तुमचा राग आहे, तो मला समजतो. पण पहिल्या दिवसाची उलटी बघून मीही छातीठोक सांगू शकले नसते. खराब खाणं, गिळलेला कपडा किंवा हाड, पिल्लांत पार्व्हो, किडनीचा आजार, उंदरांच्या लघवीतून होणारा लेप्टो, शेतातलं औषध पोटात जाणं, सगळ्यांची सुरुवात अशीच दिसते. आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात दिवसभर गायी-म्हशी येतात, तिथे सोनोग्राफी नसते. रक्तातली अमायलेज आणि लायपेज ही पाचक द्रव्यं बघूनही कुत्र्यात हा आजार भरवशानं ओळखता येत नाही. खास कुत्र्यांच्या स्वादुपिंडासाठी असलेली ती पट्टी ‘नाही’ म्हणाली तर हा आजार बहुधा नसतो, ‘हो’ म्हणाली तर लक्षणं आणि सोनोग्राफी यांच्याशी ताडून बघावं लागतं. लातूरच्या डॉक्टरांनी तसंच केलं. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. "उलटी थांबली नाही तर संध्याकाळी परत आणा" हे वाक्य तुम्हाला सकाळी ऐकायला मिळायला हवं होतं. ते मिळालं असतं तर सोन्याचे काही तास वाचले असते. वाचकांपैकी कुणाला गावात सोय नसेल तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या रुग्णालयांत कुत्र्यांचीही तपासणी होते.

आता खाण्याचं.

१९९० च्या दशकात परभणीला शिकताना आम्हाला शिकवलं होतं की या आजारात कुत्र्याचं तोंड तीन-चार दिवस बंद ठेवायचं, म्हणजे स्वादुपिंडाला विसावा मिळतो. मी तसंच करत आले. सुरुवातीच्या वर्षांत एका डॅशहाउंडला मी पाच दिवस फक्त सलाईनवर ठेवलं होतं. उलट्या दुसऱ्याच दिवशी थांबल्या होत्या, तरी मी घास दिला नाही. ते वाचलं, पण इतकं खंगलं की उभं राहायला दोन आठवडे लागले. आता उपचाराची पद्धत बदलली आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराला पोषण मिळतं ते आतून जाणाऱ्या अन्नातून. उपाशी ठेवलं की ते अस्तर दुबळं होतं आणि आजार लांबतो. म्हणून उलटी आटोक्यात आली की लगेच, थोडं थोडं, अगदी कमी चरबीचं अन्न सुरू करायचं. सोन्या दोन घास खाऊन तोंड फिरवतो, ही वाईट खूण नाही. त्याला अजून मळमळतंय. उलटीवरची गोळी डॉक्टरांनी जितके दिवस सांगितली तितके दिवस चालू ठेवा, उलटी थांबली म्हणून मध्येच सोडू नका.

तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, मऊ गुरगुट्या शिजवा. कोंबडीच्या छातीचं मांस घ्या, कातडी आणि पिवळी चरबी काढून फक्त पाण्यात उकडा. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, ते कुत्र्याच्या रक्ताला विषारी असतात. उकडलेलं पाणी फेकू नका. फ्रिजमध्ये ठेवलं की वर पांढरा थर धरतो, तो चमच्यानं काढून टाका आणि खालचं पाणी भातावर घाला. त्या वासानं तोंड फिरवणारं कुत्रंही परत वळतं. दोन वाट्या भाताला एक वाटी मांस. सोन्याचं योग्य वजन ३४ किलोंच्या आसपास धरलं तर विसाव्याच्या अवस्थेत त्याला दिवसाला साधारण १,००० कॅलरी लागतात, म्हणजे शिजवलेला भात अर्धा किलो आणि उकडलेलं मांस पाव किलो. पण हे पूर्ण माप पाचव्या दिवशी गाठायचं. पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिश्शावर थांबा, आणि तेही पाच-सहा वेळा विभागून. रोज थोडं वाढवा. वाढवल्यावर उलटी झाली तर आदल्या दिवशीच्या मापावर या आणि डॉक्टरांना फोन करा.

मांस आवडलं नाही तर अंड्याचा उकडलेला पांढरा भाग चालतो, पिवळा बलक नको. उकडलेला लाल भोपळा, बटाटा चालतो. दही द्यायचं असेल तर साय पूर्ण काढलेल्या दुधाचं, दोन चमचे. तूप, साय, शेंगदाण्याचा कूट, खोबरं, पनीर, खवा, बिस्किटं हे सगळं बंद. बिस्किटांचं मुद्दाम लिहिते, कारण "फक्त दोनच बिस्किटं देतो" हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्या दोन बिस्किटांत किती चरबी असते याकडे कुणाचं लक्ष नसतं. भात-चिकन हे दोन-तीन आठवड्यांचं पथ्य आहे. त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच कमी पडतं, म्हणून पुढे कायम घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पूरक औषधं लिहून घ्या, नाहीतर कमी चरबीचं तयार पथ्याचं खाद्य मिळतं ते मागवा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. तो कण्हला म्हणून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, माणसाची कुठलीच नको. पहिल्या दोघींनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, किडनी निकामी होते. या आजारात तर अंगात पाणी आधीच कमी असतं. वेदना कमी करणं हा उपचाराचा मोठा भाग आहे, पण ते औषध कुत्र्याचं आणि डॉक्टरांनी मोजून दिलेलं हवं.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. काही कुत्र्यांना एकदाच होतं, काहींना वारंवार. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत, चरबी आणि वजन. महिनाभरानं बारा तास उपाशी ठेवून रक्तातली चरबी तपासून घ्या, थायरॉइडही बघा. दिवसातून दोनदा उलटी झाली, एक पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, काळी शी झाली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर सकाळची वाट न बघता निघा. पित्ताची नळी स्वादुपिंडाला लागूनच जाते, सुजेनं ती दाबली की कावीळ दिसते.

पुढच्या काही महिन्यांत आणखी दोन गोष्टींवर लक्ष असू द्या. खूप खाऊनही सोन्या वाळत चालला आणि शी फिकट, भरपूर, तेलकट होऊ लागली, तर पाचक रस कमी पडतायत असं समजायचं, त्यावर औषध आहे. पाणी खूप पिऊ लागला, सारखी लघवी करू लागला, तर साखर तपासायची, कारण इन्सुलिनही याच ग्रंथीतून येतं. हे जगाला कळलं ते कुत्र्यांमुळेच. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून इन्सुलिन वेगळं केलं. आपल्या घरोघरी जी इन्सुलिनची पेनं आहेत, त्यांच्यामागे ती कुत्री आहेत. सोन्यासारखं कुत्रं टेबलावर आलं की मला ती आठवतात.

वजनाचं घाई न करता. आठवड्याला ३०० ते ४०० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. म्हणजे ४१ वरून ३४ वर यायला चार ते साडेपाच महिने लागतील. घरच्या काट्यावर तो उभा राहणार नाही. आडत दुकानात पोती मोजायचा सपाट काटा असतो, दुपारी गर्दी ओसरल्यावर तिथे न्या. माझी निम्मी कुत्री तिथेच मोजली जातात आणि आडतवाले आनंदानं मोजून देतात. पहिले पंधरा दिवस फक्त अंगणात दहा मिनिटं, नंतर हळूहळू वाढवायचं. आपल्याकडच्या उन्हात फिरणं सकाळी सातच्या आत संपलं पाहिजे. लठ्ठ लॅब्रॉडॉरला उष्माघात पटकन होतो.

राहता राहिले आबा. त्यांना समजावून सांगू नका ताई, काम द्या. सोन्याच्या दिवसातल्या पाच-सहा जेवणांपैकी सगळीच्या सगळी त्यांच्या हातून होऊ द्यात. भात-मांस तुम्ही मोजून डब्यांत भरा, भरवायचं त्यांनी. घास घेतला की नाही, उलटी झाली का, शी कशी झाली, हे त्यांनी वहीत लिहायचं. ज्या माणसाला आपल्या हातून नुकसान झालं असं वाटतं, त्याला "जाऊ द्या हो" म्हटल्यानं बरं वाटत नाही. माझ्या सासूबाईंचं मी बघितलंय. आमच्या कुत्रीला त्यांनी पुरणपोळीबरोबर वाटीभर तूप घातलं होतं, ती आजारी पडली आणि बरी झाली, पण सासूबाई सावरल्या त्या तिच्या जेवणाची वेळ त्यांच्याकडे आल्यावरच.

आणि काहीच द्यायचं नाही असं त्यांना सांगू नका. जेवताना पहिला तुकडा दारातल्या कुत्र्याला टाकायची आपल्याकडची रीत त्यांच्या हाताला लागलेली आहे. ती मोडू नका, तुकडा बदला. सोन्या पूर्ण माप पचवू लागला की काकडीच्या चकत्या, उकडलेल्या गाजराचे तुकडे एका छोट्या डबीत घालून ती डबी आबांच्या ताटाशेजारी ठेवा. अखिती आली की घरात पुरण शिजेल, आमरसावर तूप येईल. मार्गशीर्षात येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर शेतात जाईल, तिथे भज्जीत शेंगदाणे असतील, आंबिलीत लसूण असेल आणि पाहुण्यांची लेकरं कोपीपाशी बसून प्रेमानं हात पुढे करतील. तेव्हा तुम्ही स्वयंपाकात असाल. लेकरांना अडवायला सोन्याजवळ बसलेलं माणूस आबाच असतील, आणि ते तुमच्यापेक्षा कडक राहतील, याची मला खात्री आहे.

वजनाचा पहिला आकडा त्याच वहीत आबांच्या अक्षरात लिहून घ्या. पंधरा दिवसांनी त्या पानाचा फोटो मला पाठवा, त्यावरून पुढचं माप सांगते.